सोमवारची बाटली

"अहो, खरं सांगा. पोरगी तळ्यात उतरली होती का?"

"नाही. तिला मी सक्त ताकीद दिलीय."

"व्वा! पोहायला सुरक्षित म्हणून पाटी तुमच्याच खात्याने लावायची, आणि स्वतःच्या लेकीला बंदी!"

पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या नवऱ्याकडे उत्तर होतं. पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

खाटेवर चिमणी निपचित पडली होती. सात वर्षांची. दोन दिवस जुलाब, उलट्या. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. समोरच्या खाटेवर त्यांच्याच गल्लीतल्या आजी विव्हळत होत्या.

दर सोमवारी तळ्यात लोक पोहतात तिथलं पाणी बाटलीत भरायचं आणि प्रयोगशाळेत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी लागोपाठ तीन बाटल्या नापास झाल्या. साहेबांनी बोलावून झापलं, "ऐन हंगामात तळं बंद ठेवू? मला पास होणारी बाटली पाहिजे. कशी, ते मला सांगू नका."

त्यानंतर एकही बाटली नापास झाली नाही. साहेब खूश, होडीवाले खूश. प्रयोगशाळेतल्या बाई तेवढ्या चिडवायच्या, "तुमच्या बुटांना कधी चिखल दिसत नाही हो. फारच टापटीप माणूस!"

तोही हसायचा. मग घरी जाताना तळ्यात डुंबणारी पोरं दिसली की मान खाली घालायचा. कुणाचं पोर आजारी पडल्याचं कानावर आलं की त्या रात्री त्याला घास जायचा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र व्यवस्थित जेवायचा. भेकड माणसाची लाज एवढीच टिकते.

बायकोने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "यायला उशीर झाला. दारात तो खड्डा! गटाराचा पाइप टाकायला खणलाय, आठवडा झाला, बुजवायचं नाव नाही."

तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतल्या बाई.

"तुमची कालची बाटली नापास. आणि थोडीथोडकी नाही, सरळ मैलापाणी मिसळलंय. तळं आत्ताच्या आत्ता बंद करा."

"काहीतरी चूक असेल, बाई."

"दोनदा तपासलं. पोरं मरतील हो!"

फोन त्याच्या हातातच राहिला. त्याने समोरच्या आजींकडे पाहिलं. मग चिमणीकडे.

बायकोने तिला बसतं केलं होतं. ग्लास ओठांना लावत होती. "पी गं राणी. डॉक्टर म्हणालेत, भरपूर पाणी पाजा. बाहेरचं नको म्हणून घरूनच आणलंय."

त्याने फटक्यात ग्लास उडवला. पाणी चादरभर सांडलं. चिमणी रडायला लागली.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"सोमवारची बाटली तळ्याची नाही गं," तो म्हणाला. "दोन वर्षं आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाखालीच भरतोय मी."