चेंडूचा कौल

होडेनोशोनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलींची लॅक्रॉसची, म्हणजे जाळीदार काठ्यांनी चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाची, टीम स्पर्धेसाठी ऑकलंडला आली, आणि त्यांची गोलकीपर टेसा आमच्याकडे उतरली. माझ्या दोन वर्षांच्या श्रियाचे निळसर ओठ पाहून तिने विचारलं, तेव्हा मी सोमवारच्या हृदयाच्या ऑपरेशनचं सांगितलं. "मृदुला, आमच्यात हा खेळ औषध असतो. उद्या हिच्यासाठी खेळू." मी कोकणातली, मनात कौलच लावला, जिंकल्या तर सगळं नीट होणार. शेवटच्या मिनिटाला चेंडू टेसाला चुकवून जाळ्यात गेला आणि त्या हरल्या. "ऑपरेशन पुढे ढकलू," मी नवऱ्याला म्हणाले. "अगं, डॉक्टरांचं ऐकायचं की चेंडूचं?" घामाघूम टेसाने तोच चेंडू श्रियाच्या हातात दिला. "पण तुम्ही हरलात," मी पुटपुटले. "औषध दिलंय. औषधात कोण जिंकतं?" मी नवऱ्याकडे वळले. "सोमवारी लवकर निघू. हॉस्पिटलला पार्किंग मिळत नाही."