ठसक्याचं बटण

नव्या फोनमधून वास येतो, पण ठसका लागत नाही, अशी कंपनीची जाहिरात होती. हेलसिंकीत एकटा राहून फोनची परीक्षणं करणाऱ्या निरंजन सामंतला नेमका त्याचाच राग आला.

"ठसका नाही, तर ती फोडणी कसली?" असं प्रेक्षकांना सुनावत त्याने सेटिंगमधलं ठसक्याचं बटण शोधून चालू केलं आणि मालवणला आईला व्हिडिओ कॉल लावला. आई आमटीला मिरचीची फोडणीच देत होती. चर्र आवाज झाला आणि निरंजन असा खोकला, की डोळ्यांतून पाणी आलं.

"वर बघ रे झिला, वर बघ!" आई ओरडली. तिचा हात हवेतच त्याचं डोकं थोपटत होता.

दहापैकी दहा गुण जाहीर करताना निरंजन अजून छताकडेच बघत होता.