साफ आवाज

सोनाजीकाकानं गिटारचा अॅम्प्लिफायर वारंगा फाट्यावरच्या माझ्या रिपेरिंगच्या दुकानात आणून ठेवला. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, माझ्या बाबानं हातानं बनवलेला. "स्टेजवर एकदा माझंबी नाव घे," एवढंच बाबानं बदल्यात काकाकडं मागितलं होतं. तेव्हा काका सगळ्या गायन पार्टीसमोर हसला होता, "सोल्डर मारणाऱ्याचं नाव कोणी घेतं व्हय?" बाबा मरेपर्यंत ते नाव कोणी घेतलं नाही.

"संध्या," काका म्हणाला, "ह्याचा आवाज पहिल्यापासून फाटतो. कुरुंद्याला भीमगीतांचा सामना हाय. समोरची पार्टी तगडी हाय, या वक्ताला एकदम साफ करून दे."

मी मागची फळी खोलली. पहिल्या व्हॉल्व्हपाशी बाबानं दोन पार्ट जास्तीचे जोडले होते. बाजूला त्याच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती : 'सोनाजीसाठी. काढू नये.'

मी दोन्ही पार्ट काढले. काकानं एक तार छेडली, आवाज घंटेसारखा निघाला. काका खूश होऊन गेला.

सामन्याला मी पहिल्या रांगेत बसले. दुसऱ्याच गाण्याला लोक हसायला लागले. समोरच्या पार्टीचा गायक माइकवर म्हणाला, "गिटारवाले, आधी शिकून या!"

काका स्टेजवरून उतरून थेट माझ्याकडं आला. "काय करून ठेवलंस?"

"साफ मागितला, साफ दिला. बाबानं त्यो आवाज मुद्दाम फाडला होता, काका. तुमची बोटं चुकलेली कोणाला कळू नये म्हणून."