पाच पायांचा सोनकिडा

"काकू, आधीच माफी मागते," प्रयोगशाळेतून आलेल्या ईशानीने डबी उघडली. "काकांच्या प्रदर्शनातल्या फोटोवरून नामशेष झालेला सोनकिडा पुन्हा घडवला, पण प्रत्येकाला पाचच पाय येतायत. फोटोतलाच लंगडा होता!"

मृणालकाकूंना हसू फुटलं. त्यांच्या नवऱ्याने, हेरंबने, जायच्या आदल्या वर्षी चिखलात पालथं पडून तो फोटो काढला होता. "एवढे धडधाकट किडे सोडून हाच का?" त्या करवादल्या होत्या.

"मग याचा कोण काढणार?" तो म्हणाला होता.

हिरवागार किडा काकूंच्या बोटावरून तुरुतुरु मनगटापर्यंत गेला.

"सहा पायांच्या किड्याचा फोटो मिळाला, तर पुढची पिढी सुधारता येईल," ईशानी म्हणाली. "आहे का घरात?"

काकूंनी हेरंबच्या कपाटाकडे पाहिलं. आत तसे चाळीस होते.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याने एवढाच काढला."