हिरवे पराठे

सकाळचे सात. भाईंदरच्या त्या इमारतीत, पाचव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये नीलम आणि समोरच्या हंसाबेन कुजबुजत मुलांच्या डब्यांतल्या खाऊची अदलाबदल करत होत्या. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, सोन्याची तस्करी चाललीय. नीलमचे हिरवे पराठे दिपेशच्या डब्यात. हंसाबेनचे थेपले नीरजच्या डब्यात.

कारण होतं नीरजचं रक्त. नीलमचा हा सात वर्षांचा नवाब भात, वेफर्स आणि क्रीमची बिस्किटं सोडून कशालाच तोंड लावत नव्हता. ओठांचे कोपरे फाटले, जिना चढताना पाय दुखायला लागले. नवघरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला.

"व्हिटॅमिन ए, डी, बी बारा, सगळं तळाला. औषध देतो, पण पोटात भाजी, पनीर जाऊ दे. नाहीतर इंजेक्शनं."

नीलमने पालक, शेवग्याचा पाला, पनीर, काय काय कोंबून पराठे लाटले. डबा जसाच्या तसा घरी. तिला रडू यायचं बाकी होतं.

"मेरा दिपेश भी मेरे हाथ का नहीं खाता," हंसाबेन म्हणाल्या. "बच्चों को दूसरे घर का मीठा लगता है. चुपचाप बदल देते हैं. बताने का नहीं."

पहिल्याच दिवशी दोन्ही डबे चाटूनपुसून रिकामे. नीलमला आनंद झाला आणि रागही आला. पोटच्या पोराला आपल्या हातचं नको, म्हणजे काय? रोज त्याच्या डब्यात थेपले भरताना तिचा जीव जळायचा.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दोनदा वाचला. "वा. काय खाऊ घातलंत?"

नीलम पुटपुटली, "शेजारच्या हंसाबेनचे थेपले."

"थेपले?" नीरजने नाक मुरडलं. "ते तर दिपेश खातो. आम्ही रोज वर्गात डबे बदलतो. त्याच्या डब्यात हिरवे पराठे असतात. हंसा आंटी कसले भारी बनवते. आई, तू शिक ना जरा तिच्याकडून."

नीलमने रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"शिकते हं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, पराठ्यांवर चमचाभर तूप जास्त सोडून, समोरच्या दारावर नेहमीपेक्षा हळू टकटक केली.