मधली खूण

“आरं, आधी माझं ऐक तरी,” कुसाबाई म्हणाली.

“आल्यावर,” वाल्मीक म्हणाला आणि दोराची पिशवी पाठीवर टाकली.

“काल लहानू मिस्तरी आलता विहिरीतली मोटर काढायला. तर तो म्हनला—”

“आये, तुझं मोटरचं पुराण मला नको. विहिरीसाठी माझा जुना दोर दिलाय ना? मग घाला त्याच्यानं काय घालायचा तो गोंधळ.”

“पन तोच तर—”

“आल्यावर!”

मखमलाबादच्या मळ्यात कोबीचे वाफे पाण्यावाचून माना टाकून बसले होते, आणि हा लेक निघाला इगतपुरीकडं कडा चढायला. आईनं एकदा विचारलं होतं, पडलास म्हंजे रे? तर हा खो खो हसला होता. “दोर असल्यावर पडणं म्हणजे खेळ गं. आम्ही तर रोज पडतो.”

कोबीवाल्यांना काय कळणार, असं त्याचं तोंड. ते तोंड तसं कायमचंच. सातपूरच्या कारखान्यात फोरमन अडाणी, मळ्यात शेजारी अडाणी, आणि गिर्यारोहणाच्या क्लबात तर सगळेच बाजारबुणगे. शहाणा म्हणून देवानं एकच घडवला आणि साचा मोडून टाकला.

कड्याखाली दिशा आधीच येऊन थांबली होती. क्लबातली नवी पोरगी, नाशिकरोडची. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, हातात स्वतःचा दोर.

“हा दोर आहे का परकराची नाडी?” वाल्मीकनं तो चिमटीत धरला. “हातातून फिरवून बघितलास?”

“बघितला, दादा.”

“परत बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा जुना असाच दिसायला ठणठणीत होता. एका कडेवर घासला, वरचं कापड फाटलं, आतल्या पांढऱ्या शेवया बाहेर. म्हटलं, ह्याच्यावर जो लटकेल त्याचा दहावा रामकुंडावर. दिला फेकून विहिरीवर.”

दिशानं सगळा दोर पुन्हा हातातून काढला. मग म्हणाली, “तुमचाही बघू का?”

“माझा?” वाल्मीकनं तिच्याकडं असं बघितलं, जसं तिनं त्याचे दात मोजायला मागितले. “नवाकोरा आहे. मुंबईहून आणलाय. रंगसुद्धा हट्टानं जुन्याचाच घेतला, निळा. नव्याचं काय बघायचं?”

त्यानं पिशवी उपडी केली. पोरीनं हात लावलाच.

“ताठ लागतोय, दादा.”

“नवा ताठच असतो.”

“साबणाचा वास येतोय.”

“बाहेरच्या मालाला येतो तसा. तुम्हाला रॉकेलची सवय.”

“आणि इथं हा लाल दोरा?”

वाल्मीकनं कपाळावर हात मारून घेतला. “मधली खूण ती! अर्धा दोर संपला की चढणाऱ्याला खालून ओरडून सांगायचं असतं. जरा वाचत जा.”

“पण मध्यावर वाटत नाही हो.”

“कंपनीला तुझ्यापेक्षा कमी कळतं का?”

दोन उन्हाळे खपून त्यानं त्या कड्यावर दोर अडकवायचे बोल्ट ठोकले होते. एका दोरात न मावणारी लांबलचक वाट. थांबे घेत घेत वर जायचं. पहिल्यांदा जो माथ्यावर पोचेल, त्याचं नाव वाटेला. दुसऱ्या एका टोळक्याची तिच्यावर नजर होती, म्हणून आज म्हणजे आजच.

दिशानं आपला दोरही पाठीला लावला.

“तो कशाला?”

“उतरताना लागला तर.”

“ठेव खाली. नाडीचं ओझं कोण वागवणार?”

नाडी राहिली करवंदीच्या जाळीत.

पहिल्या थांब्यावर दिशा कड्याला स्वतःला बांधून, दोर धरून उभी राहिली. वाल्मीक पुढं निघाला. चढायचा मात्र पालीसारखा, खोटं कशाला बोला. वर गेल्यावर एका बोल्टात त्यानं मुद्दामच दोर अडकवला नाही.

“दादा, बोल्ट राहिला!”

“तो भित्र्यांसाठी आहे!”

एवढं बोलायला आणि हातातला दगड पापडासारखा सुटायला एकच गाठ पडली.

वाल्मीक गेला. खाली गावातली घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती, ती भराभर मोठी व्हायला लागली. मग कमरेला असा हिसका बसला की आजोळ आठवलं. दोरानं झेललं होतं. शहाणा अधांतरी, पाळण्यावरच्या चिमणीसारखा झुलत.

“दादा! लागलं का?”

माज मात्र जागच्या जागी. “ह्याला म्हणतात दोर! तुझ्या नाडीवर असतो, तर थेट रामकुंड!”

“दादा, ती लाल खूण माझ्या हाताशी आलीये. लई ताणलीये हो!”

“मग? अर्धा संपला. खूण असते कशाला, बावळट!”

आणि त्याच दोरावर तो माथ्यावर गेला. उभा राहून स्वतःचंच नाव चारी दिशांना ओरडला. ऐकायला एक घार होती.

संध्याकाळी मळ्यात आला तेव्हा मोटर चालू होती. कोबीच्या वाफ्यांतून पाणी झुळझुळत होतं. कुसाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

“आज पडलो, आये,” तो ऐटीत बाजेवर टेकला. “उंचावरनं. मेलोच असतो. नव्या दोरानं वाचवलं.”

“कोन्त्या नव्या?” कुसाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. “नवा तर विहिरीत हाय. तेच सकाळी सांगत होते. लहानू म्हनला, जुना मोटरला पेलायचा नाय. तू रोजच पडतो, तुझा खेळच हाय तो. मोटर पडली तर कोबी गेली ना. म्हनून मोटरला नवा बांधला, अन् जुना साबनानं धुऊन तुझ्या पिशवीत ठेवला.”

तिनं भाकरी उलटली.

“फाटला होता तिथं गोधडीच्या लाल दोऱ्यानं शिवलाय की. तुला दिसला नाय का?”