खाणीचं छत

"तुमचे आजोबा इथं मँगनीज काढायचे, तेव्हा आधी छत ठोकून बघायचे. खणखणीत वाजलं तर पुढे, पोकळ वाजलं तर माघारी," असं सांगत बोधनकर गुरुजींनी काठी वर मारली. बंद खाणीचं छत पोकळ वाजलं.

त्यांनी काठी हळूच खाली घेतली. काळे दगड वेचणारी पोरं घाबरून पळाली, तर अरुंद वाटेत चेंगरतील. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या कुंदाने मात्र आवाज ऐकला होता. आता ही किंचाळणार!

"गुरुजी, मला जोराची लागलीय. सगळेच बाहेर चला ना, एकटीला भीती वाटते."

तिला चिडवत, खिदळत पोरं बाहेर आली. शेवटी गुरुजी.

"जा ना आता, भित्रे!" पोरं ओरडली.

कुंदा हलली नाही. एवढ्यात आत धडधडाट झाला, काळी धूळ बाहेर उसळली.

"गुरुजी," ती रडवेली झाली, "मी खोटं बोलले."